फीत आडवी झाली की

मैदानाच्या कडेला एक काठी रोवलेली आहे आणि तिच्या टोकाला हातभर लांबीची पातळ कापडी फीत बांधलेली आहे. पोचल्यावर सामान उतरवण्याआधी माझी नजर तिच्याकडे जाते. फीत काठीला बिलगून लोंबत असली तर सगळ्यांचीच रेडिओने उडवायची छोटी विमानं बाहेर येतात. ती हलकेच उचलली गेली की शिकाऊ मंडळी जरा थांबून घेतात. आणि ती आडवी होऊन टोकाशी फडफडायला लागली की बहुतेक जण खुर्च्या उघडून गप्पा मारत बसतात, विशेषतः ज्यांची विमानं फोमची आहेत ते. गेली तीन वर्षं मी मात्र त्या आडव्या फितीच्या दिवसांची वाट बघते. वाऱ्यात उडवायला लागले तेव्हापासून मला विमान कळायला लागलं, असं मला अगदी मनापासून वाटतं.

माझं जेट लढाऊ विमानाच्या घाटाचं आहे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पंख मीटरभर, आणि बॅटरीसकट वजन १६०० ग्रॅम. पोटात ७० मिलीमीटर व्यासाचा, बारा पात्यांचा डक्टेड फॅन, म्हणजे नळीत बसवलेला पंखा आहे. त्याला सहा सेलची, २२.२ व्होल्टची लायपो बॅटरी लागते आणि पूर्ण थ्रॉटलला, म्हणजे सगळा जोर दिला की तो ६०-६५ अँपिअर ओढतो, म्हणजे साधारण १४०० वॉट. अंग ईपीओ फोमचं, साच्यात वाफेने फुगवून एकमेकांना चिकटवलेल्या बारीक मण्यांचं. नखाने दाबलं तरी खूण उमटते. अशी वस्तू घोंघावणाऱ्या वाऱ्यात सोडायची म्हटलं की पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, आणि त्यांना वाटतं की हलकं आहे, वारा उडवून नेणार.

खरं तर ते तितकं हलकं नाहीच. पंखांचं क्षेत्रफळ आहे १६ चौरस डेसिमीटर, म्हणजे प्रत्येक चौरस डेसिमीटरवर १०० ग्रॅमचा भार. शिकण्यासाठी वापरतात त्या मोठ्या पंखांच्या फोमच्या विमानांवर हा भार याच्या निम्म्याहूनही कमी असतो. म्हणून तीच विमानं वाऱ्यात पतंगासारखी भरकटतात आणि जेट त्यातून सुरीसारखं आरपार जातं. किंमत मोजावी लागते ती वेगात. माझं जेट ताशी ४८ किलोमीटरच्या खाली तरंगूच शकत नाही, उतरताना ६० तरी हवेतच. हे दोन आकडे लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यांच्याभोवती फिरतं.

पहिल्या वर्षी माझं याच्याआधीचं जेट गेलं ते अशाच एका वाऱ्याच्या दिवशी. झाडांची पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलत होत्या, मधूनच धूळ उठत होती. वाऱ्याचा जोर सांगणाऱ्या बोफर्टच्या मापात सांगायचं तर तीन आणि चारच्या मधला वारा, ताशी २० किलोमीटरच्या आसपास. समोरून वाऱ्याच्या तोंडावर जाताना जेट संथ, देखणं दिसत होतं. मग ते वळलं, वारा पाठीवर घेतला आणि समोरून असं सुसाट सुटलं की माझा जीव वर आला. फार वेगात आहे, आटोक्यात आणायला हवं, एवढंच मनात आलं. मी थ्रॉटल ओढला. ते जरा शहाण्यासारखं दिसायला लागल्यावर वळवायला घेतलं. निम्म्या वळणात आतला पंख खाली गेला, नाक त्याच्या मागे गेलं आणि मी रेडिओच्या दोन्ही काड्या कोपऱ्यात ओढून धरलेल्या असताना ते जमिनीत घुसलं. मला तेव्हा खात्रीने वाटलं, आणि मी तसं सगळ्यांना सांगितलंही, की पाठीमागच्या वाऱ्याने विमान खाली दाबलं.

आमच्यात एक वयाने मोठे गृहस्थ आहेत, फार बोलत नाहीत. तुकडे गोळा करायला ते माझ्याबरोबर आले होते. वाकून पंखाचं टोक उचलता उचलता म्हणाले, "अगं, वाऱ्याने नाही पाडलं. तू पाडलंस. ते पळतंय असं तुला दिसलं, त्याला नव्हतं दिसत."

मला राग आला होता. पण त्या वाक्याने मला पुढे कित्येक रात्री जागं ठेवलं.

हिशेब मांडला तर तो अगदी सरळ आहे. विमान हवेत असतं आणि हवा आख्खीच्या आख्खी सरकत असते. नदीत पोहणाऱ्या माशाला काठ दिसत नसेल तर प्रवाह आहे हे कळायचा त्याला काहीच मार्ग नाही, तसं. वारा ताशी २० आणि विमानाचा हवेतला वेग ६० असेल तर समोरच्या वाऱ्यात ते जमिनीवरून ४० ने जाताना दिसतं, पाठीवरच्या वाऱ्यात ८० ने. विमानाच्या दृष्टीने दोन्हीकडे ६०च. मी जमिनीवर पाय रोवून उभी. माझ्या डोळ्यांना ८० दिसले आणि मी ते ६० वर आणले. म्हणजे हवेत त्याच्याकडे ४० उरले, आणि ४८ च्या खाली ते तरंगत नाही. वळणात तर त्याहून जास्त लागतात. त्या दिवशी विमानाचं काहीच चुकलं नव्हतं.

राईट बंधूंचं पहिलं उड्डाण वाऱ्यामुळे सोपं झालं की अवघड, असं कुणी विचारलं तर मी दोन्ही म्हणेन. १७ डिसेंबर १९०३ ला अमेरिकेतल्या किटी हॉकजवळच्या त्या वाळूवर वारा ताशी ३० ते ४० किलोमीटरच्या घरात होता. पहिलं उड्डाण १२ सेकंदांचं, अंतर १२० फूट. म्हणजे जमिनीवरून ताशी जेमतेम ११ किलोमीटर, शेजारून माणूस धावत येऊ शकेल इतकं. त्या सुप्रसिद्ध छायाचित्रात विल्बर पंखाच्या बाजूला उभा दिसतो तो तसा धावतच आलेला आहे. यंत्राला लागणारा हवेचा वेग बहुतेक वाऱ्यानेच पुरवला होता. मात्र नाक वरखाली करणारं हलतं पातं, म्हणजे पुढच्या बाजूला असलेला एलिव्हेटर, इतका तिखट होता की ऑर्व्हिलला ते सरळ ठेवता येईना, वरखाली होतच ते गेलं. पहिल्यांदा ही आकडेमोड केली तेव्हा मी जेटच्या उरलेल्या पंखाशेजारी बसून होते, आणि फार आधार वाटला होता.

आता यावर कुणी म्हणेल, विमानाला वारा कळतच नसेल तर मग वाऱ्यात ते एवढं हिंदकळतं का? कारण वारा कधी एकसारखा नसतो. विमानाला कळतो तो वाऱ्यातला बदल. झोत आला, झोत गेला, झाडांच्या रांगेमागून भोवरे सुटले, ते सगळं त्याच्या अंगावर येतं. झाडं असतील तर त्यांच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत पलीकडची, वारा वाहत जातो त्या बाजूची हवा घुसळलेली असते. आणि जमिनीलगत घर्षणामुळे वारा मंदावतो. शेवटच्या दोनतीन मीटरमध्ये समोरचा वारा अचानक कमी झाला की विमानाच्या हातातला तेवढा हवेचा वेग निसटतो. मोठ्या विमानांचे वैमानिक अशा दिवशी उतरण्याच्या वेगात भर घालतात, झोत आणि सरासरी वारा यांतल्या फरकाच्या निम्मी. मी तेच करते. वारा २० चा आणि झोत ३२ चे, तर फरक १२ आणि भर ६. वेग मोजायचं यंत्र माझ्या जेटमध्ये नाही, म्हणून ही भर मी थ्रॉटलच्या काडीच्या दोन खाचांत मोजते आणि नाकाच्या कोनावरून पारखते. जमीन बघायची नाही, नाक बघायचं. हे अंगात मुरायला मला अख्खा एक मोसम लागला.

हे कळल्यावर मगच मी नव्या जेटवर ब्लेड चालवलं.

पहिला संशय मला शेपटीचा होता. झोतात जेट नाक वरखाली करायचं, वारं प्यायलेल्या वासरासारखं, आणि मी दुरुस्त करायला गेले की दुरुस्ती एक क्षण उशिरा पोचायची. एका संध्याकाळी ते टेबलावर उलटं ठेवलं, रेडिओ चालू केला म्हणजे सर्वो, पाती हलवणाऱ्या त्या छोट्या मोटारी, ताठ झाले, आणि आडव्या शेपटीचं टोक दोन बोटांत धरून हळूच पिळलं. ते पिळलं गेलं. पुढची कड तीन-चार मिलीमीटर वर आली, सर्वो जागचा हलला नाही. मग एलिव्हेटरची मागची कड धरून वरखाली केली, तिथे दोन मिलीमीटरचा खेळ. ढिलाई कुठून येते ते शोधत गेले. सर्वोकडून येणारी तार एलिव्हेटरला जिथे अडकते त्या हॉर्नचं भोक झिजून लंबगोल झालं होतं. दीड मिलीमीटरची लोखंडी तार पोटातून पंचवीस सेंटिमीटर निराधार जात होती आणि दाब आला की धनुष्यासारखी वाकत होती. मी माझ्या अंगठ्याने दहा वेळा तो दाब देऊन बघितला. तार वाकायची, एलिव्हेटर ढळायचा, सर्वो मात्र जागेवरच. आणि मी इतके दिवस वाऱ्याला बोल लावत होते.

तारेवरून पातळ कार्बन नळी सरकवली आणि मधोमध एक आधार चिकटवला. हॉर्नला नवं, तारेच्या मापाचं घट्ट भोक पाडलं. एलिव्हेटरचे प्लास्टिक गिअरचे सर्वो काढून धातूच्या गिअरचे बसवले. (धातूच्या गिअरमध्येही थोडा खेळ असतोच, पण खडबडीत जमिनीवर उतरताना त्यांचे दात उडत नाहीत.) शेपटीसाठी आधी फोममध्ये खाच पाडून कार्बनची पट्टी उभी रुतवली. ती वाकायची थांबली, पण पिळली जायची ती जातच राहिली. पट्टी वाकण्याला अडवते, पिळण्याला अडवते ती कातडी. म्हणून चौरस मीटरला २५ ग्रॅम वजनाचं काचेचं कापड घेतलं, धागे ४५ अंशांत तिरके येतील असं कापलं आणि पाण्यातल्या पॉलीयुरेथेन वार्निशने शेपटीवर दोन्ही बाजूंनी बसवलं. मऊ ब्रशने मधून कडेकडे सारत गेलं की पांढरं कापड ओलं होतं आणि दिसेनासं होतं, खालचा रंग जसाच्या तसा वर येतो. ते बघायला मला फार आवडतं. वाळल्यावर टोक पुन्हा पिळून बघितलं. बोटांना लाकडासारखं लागलं.

या सगळ्याची भर शेपटीत सहा ग्रॅम. सहा ग्रॅम म्हणजे काहीच नाही, असं मला वाटलं होतं. पण शेपूट गुरुत्वमध्यापासून पंचेचाळीस सेंटिमीटर मागे असते आणि तराजूच्या लांब दांडीवरचा सहा ग्रॅमचा दगडही पारडं हलवतो. तो तोलायला ५६० ग्रॅमची बॅटरी पाच मिलीमीटर पुढे सरकवावी लागली. फोमच्या विमानात प्रत्येक सुधारणा अशी दुसऱ्या ठिकाणी बिल पाठवते. कडक केलं की वजन, वजन वाढलं की उतरण्याचा वेग, वेग वाढला की पुढच्या चाकावर मार. मी आता कुठलाही तुकडा चिकटवण्याआधी तो काट्यावर ठेवते आणि वहीत लिहिते. आजवरची सगळी भर ७० ग्रॅमची आहे. त्याने किमान वेग दोन टक्क्यांनी वाढला, म्हणजे ४८ चे ४९. एवढं मला मान्य आहे. पूर्ण विमानालाच कापड लावायचा मोह मी आवरला.

बॅटरी पुढे सरकवण्यात एक मोठी चूक मात्र झाली. पाच मिलीमीटरने शेपूट तोलली गेली, तेव्हा वाटलं, आणखी पुढे नेली तर विमान वाऱ्यात आणखी शांत होईल. नाकाला जड असलेलं विमान स्थिर असतं हे सगळेच सांगतात. बॅटरीखालचा फोम कोरून ती तीन सेंटिमीटर पुढे नेली, गुरुत्वमध्य जवळजवळ १० मिलीमीटर पुढे आला. वर ते खरोखरच बाणासारखं गेलं. उतरताना जमिनीपासून फूटभर उंचीवर मी एलिव्हेटर ओढला आणि काही झालंच नाही. पुढे प्रोपेलर असलेल्या विमानात थ्रॉटल दिला की त्याचा झोत शेपटीवर येतो आणि एलिव्हेटरला बळ मिळतं. जेटचा झोत नळीतून शेपटीमागे निघून जातो, एलिव्हेटरला जे मिळतं ते विमानाच्या वेगातूनच. वेग कमी, नाक जड, आणि फॅनला पूर्ण जोरात यायला लागणारा तो एक सेकंद माझ्याकडे नव्हता. पुढचं चाक आधी टेकलं, पाय मुडपला आणि नाक जमिनीवर घासत गेलं.

नाक चुरगळलं होतं, पण तुटलं नव्हतं. ईपीओचा हा गुण मला कायम चकित करतो. त्या मण्यांमध्ये हवा अडकलेली असते. घरी नाक मोरीत धरलं, उकळी येऊन जरा थांबलेलं पाणी बारीक धारेने सुरकुत्यांवर ओतत गेले. पाचसात सेकंद काही होत नाही. मग दबलेला भाग आतून कुणी फुंकर घातल्यासारखा हळूहळू वर येतो, घड्या उलगडतात, मधूनमधून बारीक टिक असा आवाज येतो. पृष्ठभाग पहिल्यासारखा गुळगुळीत होत नाही, मणी सुटे सुटे दिसायला लागतात आणि हाताला खरखरीत लागतात, पण आकार परत मिळतो. पायाच्या बुडाशी फाटलेल्या जागी प्लायवूडचा चौकोनी तुकडा इपॉक्सीने बसवला. बॅटरी दोन सेंटिमीटर मागे आणली. काचेचं कापड नाकाला लावलं असतं तर ते चुरगळण्याऐवजी तडकलं असतं. म्हणून नाक मी मऊच ठेवलं आहे.

जायरोबद्दल, म्हणजे विमान डुललं की आपोआप दुरुस्ती करणाऱ्या उपकरणाबद्दल, विचारणारे खूप भेटतात. आहे, मी वापरते. झोताने पंख उचलला की माझ्या डोळ्याला कळण्याआधी तो एलेरॉन, पंखाच्या मागच्या कडेची हलती पाती, हलवून मोकळा होतो. पण तो मी सगळ्यात शेवटी बसवला. ढिल्या तारा आणि पिळणारी शेपूट असताना बसवला असता तर त्याची दुरुस्तीही उशिरा पोचली असती, आणि उशिरा पोचणाऱ्या दुरुस्त्यांनी विमान थरथरायला लागतं. आताही तीव्रता जास्त ठेवली तर पूर्ण वेगात ते थरथरतं, म्हणून ती रेडिओच्या एका घुंडीवर घेतली आहे. उतरताना वाढवते, वेगात कमी करते.

मागच्या महिन्यात फीत पूर्ण आडवी होती. बारीक झाडं बुंध्यापासून डोलत होती, म्हणजे बोफर्टच्या पाचाला शिवणारा वारा. टायमर चारऐवजी साडेतीन मिनिटांवर लावला, कारण अशा दिवशी पहिल्या खेपेला उतरता येईलच याचा भरवसा नसतो आणि पुन्हा फिरून यायला बॅटरीत काही शिल्लक लागतं. टेकऑफला जेट दहाबारा मीटरही पळालं नाही, वाऱ्याने उचलूनच घेतलं. पाठीवरच्या वाऱ्यात ते डोळ्यांसमोरून गेलं तेव्हा ताशी सव्वाशेच्या आसपास असेल. अंगठा थ्रॉटलवर होता तिथेच राहिला. वळण दरवेळेपेक्षा लवकर घेतलं, कारण वळता वळता वारा त्याला लांब नेणार हे ठरलेलं. मग ते तोंड वाऱ्याकडे करून उतरायला लागलं. नाक किंचित वर, थ्रॉटल दोन खाचा जास्त, आणि जमिनीवरून ते येत होतं जेमतेम सायकलच्या वेगाने, ताशी तीसेक. वारा नसताना ते ६० ने टेकतं. ३० ने टेकलं तर धक्क्याची ऊर्जा चौथाईवर येते. आजवर त्याच्या पायांना इतकं हळुवार टेकवणं वाऱ्याविना मला कधीच जमलेलं नाही. मागची चाकं टेकली, मग पुढचं, आणि ते थोडंसं पळून थांबलं.

त्या क्षणी मी रेडिओ मानेच्या पट्ट्याला सोडून पळाले. राईट बंधूंचं यंत्र त्या दिवशी चौथ्या उड्डाणानंतर जमिनीवर उभं असताना गेलं. ते गप्पा मारत होते, झोत आला आणि त्याने ते उलथवलं. पहिल्या उड्डाणाचा फोटो काढणारा जॉन डॅनियल्स त्याला धरायला गेला आणि त्याच्यासकट गडगडला. ते यंत्र पुन्हा कधी उडलं नाही. हवेत असेपर्यंत माझ्या जेटचा आणि वाऱ्याचा प्रवाह एकच असतो, चाकं टेकली की ते जमिनीचं होतं आणि मग त्याला वारा लागतो.

मी पोचले तेव्हा वाऱ्याकडचा पंख उचलायच्या बेतात होता. गुडघ्यावर बसून मी त्यावर तळहात ठेवला. फॅन अजून किणकिणत थांबत होता. तळहाताखाली पंख हलकासा वर ढकलत होता, थांबत होता, पुन्हा ढकलत होता.